टेप क्रमांक चारशे सतरा

लोककला केंद्राच्या तळघरात
हवा बारा महिने अठरा अंशांवर ठेवलेली असते.
वर बर्चची झाडं पिवळी होतात, उघडी पडतात.
खाली ऋतू नाही. खाली आहेत
लग्नं, पाळणे, गुरं हाकायच्या आरोळ्या,
पुठ्ठ्याच्या खोक्यांत, पाठीवर आकडा घेऊन.

माझं काम सोपं.
जुनी टेप लावायची, नव्या यंत्रात उतरवायची,
कार्डावरचे रकाने तपासायचे.
चारशे सतराच्या कार्डावर होतं:
सेतोमा. सरोवराकाठचं गाव.
गाणारी ओक्से, वय त्र्याऐंशी.
प्रकार: विलाप.
दर्जा: खराब.

आधी नुसती खरखर.
मग चुलीवर कसलंसं झाकण हलतंय.
मग तावीचा आवाज, तरुण, तार्तूचा,
शब्द पुस्तकातून नुकते सोलून आणलेले:
"आजी, आईवरचा विलाप म्हणाल का?
संस्थेला हवाय."

तिच्या छातीवरचा चांदीचा बिल्ला, त्याच्या साखळ्या.
ती श्वास घेते तेव्हा त्या वाजतात,
हे मला पुढच्या अर्ध्या तासात पाठ झालं.

"गेलं कोण?"
"कोणी नाही. नमुना म्हणून."
"नमुना म्हणून लग्नातलं म्हणेन. झोक्यावरचं म्हणेन.
लांडग्याला शिव्या घालायचं आहे, नऊ शिव्या आहेत त्यात.
पण रडायला मयत लागतं, बाळा.
नाव न घेता हाक मारली
तर कोण वळून बघेल, काही सांगता येत नाही."

इथे त्यानं यंत्र बंद करायला हवं होतं.
टेप महाग होती तेव्हा, हिशेब द्यावा लागे.
दीड मिनिट नुसतं झाकण हलतंय.

"साल्मे."
"ही कोण?"
"आई. फेब्रुवारीत गेली. माझी परीक्षा होती.
तार पोचली तोवर माती झाली होती."
"रडलास?"

मान हललेली टेपवर येत नाही.

मग ती सुरू झाली.
त्याच्याच तोंडून, मुलगा होऊन:
माझ्या दुधाच्या मेणबत्ती, माझ्या दाराच्या कडी,
उठ, बघ, कोण उशिरा आलंय,
बोटांना शाई, पायांना तुझ्या अंगणाचं बर्फही नाही.
प्रत्येक ओळ दोनदा. दुसऱ्यांदा थोडी खाली,
विहिरीत पोहरा सोडावा तशी.
सहाव्या मिनिटाला आणखी एक आवाज येतो.
तो गाण्याचा नाही.

परवा वरून प्रसिद्धी विभागातली केर्तू आली.
उन्हाळी जत्रेत आपला स्टॉल आहे, कानाला लावायचे हेडफोन,
"चाळीस सेकंद दे ना विलापाचे, लोकांना अस्सल आवडतं.
फक्त मागचा तो माणूस काढून टाक."

काढता येतो.
पडद्यावर तो हिरव्या टेकडीसारखा दिसतो,
दोन बाजूंना रेघा मारायच्या, एक कळ दाबायची.
मी रेघा मारल्या. बराच वेळ बघत बसले.
मग टेप उलटी करून ऐकली.
दुसऱ्या बाजूला लांडग्याचं होतं,
ओक्सेचं, चहा घेऊन झाल्यावरचं, मधेच हसू फुटलेलं.
तेच पाठवलं.
जत्रेत पोरं रांगा लावून शिव्या ऐकत होती म्हणे.
(नऊ नाहीत. अकरा आहेत.)

कार्डावर गाणारीच्या रकान्यात मी जोडलं:
आणि तावी, वय चोवीस.
'खराब' खोडलं.
त्या जागी काय लिहावं सुचेना, रकाना लहान आहे.

तावी अजून दर गुरुवारी येतो.
पंधरा वर्षं आमचा संचालक होता, आता निवृत्त.
कोटाच्या खिशात सुकवलेले मासे, कागदात गुंडाळून,
एक मला देतो, एक स्वतः चघळतो.
चौथ्या कपाटापर्यंत कधी जात नाही.
जिन्यावरूनच विचारतो,
"खाली हवा नीट आहे ना?"

अठरा अंश, मी म्हणते.
तो मान हलवतो.